जखमेला ‘भरून ये’ असे कोण सांगते?

उर्दूत ‘नासूर’ असा एक शब्द आहे. वरून सुकल्यासारखी दिसते पण आतून वाहत राहते, भरून येण्याचे नावच घेत नाही, अशी जखम म्हणजे नासूर. शायरांनी हा शब्द मनाच्या दुःखासाठी इतका वापरला की तो मूळचा हकिमांचा आहे हे आपण विसरून गेलो. मराठीतली ‘जखम’ फारसीतल्या ‘ज़ख़्म’वरून आली आणि ‘मलम’ हा ‘मरहम’चाच मराठी अवतार. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे एक गोष्ट मला नेहमी जाणवते. दोन्ही भाषांत जखम ‘भरते’. मराठीत ती भरून येते, उर्दूत ‘ज़ख़्म भर जाता है’.

पण भरते म्हणजे नेमके काय होते? बोट कापले तर चार-सहा दिवसांत कातडी पुन्हा जुळते. तिथल्या पेशींना ‘आता वाढा’ हे कोण सांगते? आणि ‘आता पुरे, थांबा’ हे कोण सांगते? या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळाले. त्या उत्तराला आज ग्रोथ फॅक्टर म्हणतात, म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रथिने. हा लेख त्यांच्या इतिहासाचा आहे, आणि ज्या आजारात हा निरोप सर्वांत जास्त हवा असतो त्या आतड्यांच्या आजाराचाही आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन आजारांना मिळून डॉक्टर ‘आयबीडी’ म्हणतात. त्यात आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षे दाह होतो, व्रण पडतात, रक्त जाते, पोट दुखते, वजन उतरते. आतड्यातला नासूरच म्हणा.

विष की आजार?

१८५९ साली लंडनजवळच्या रिचमंड इथे इझाबेला बँक्स नावाची स्त्री वारली. कित्येक दिवस तिला उलट्या आणि जुलाब होत होते. तिच्याशी लग्न करणारा थॉमस स्मेथर्स्ट हा डॉक्टर होता, आणि त्याची पहिली पत्नी हयात होती. इझाबेलाने आपली मालमत्ता त्याच्या नावे केली होती. एवढे पुरेसे होते. त्याने तिला हळूहळू विष दिले, असा आरोप ठेवून खटला उभा राहिला.

त्या काळचे विषांचे सर्वांत नावाजलेले तज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचे सांगितले. नंतर लक्षात आले की ते आर्सेनिक टेलर यांनी चाचणीसाठी वापरलेल्या तांब्यातूनच आले होते. तरीही ज्युरीने स्मेथर्स्टला दोषी ठरवले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. त्यावर इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ उठला. शेवटी गृहमंत्र्यांनी प्रकरण सर बेंजामिन ब्रॉडी या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांकडे सोपवले. गुन्ह्याबद्दल शंका राहते असे त्यांनी कळवले आणि फाशी टळली. पुढे स्मेथर्स्टला पहिली पत्नी असताना दुसरे लग्न केल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली.

या प्रकरणात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी इझाबेलाची आतडी तपासली आणि त्यांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मोठे आतडे सुजलेले, व्रणांनी भरलेले, आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही दाहाने ग्रासलेला. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या नावाचा इतिहास सांगताना आजही या वर्णनापर्यंत जावे लागते. आजचे जाणकार ते वाचून म्हणतात की हा बहुधा क्रोन्सचा आजार असावा. म्हणजे जो आजार वैद्यकाला नीट माहीत नव्हता, त्याच्यापायी एक माणूस फाशीच्या दोरापर्यंत पोहोचला होता. स्मेथर्स्ट माणूस म्हणून भला नसेल, पण त्या आतड्यांतल्या जखमा त्याने केल्या असे पुराव्याने सिद्ध होत नव्हते.

नाव मिळाले, इलाज उशिरा

१९१३ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी अशाच काही रुग्णांची माहिती छापली. त्यानंतर पहिले महायुद्ध आले आणि त्यांचा लेख विस्मरणात गेला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांचे वर्णन केले. लेखकांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमे छापली गेली, त्यात क्रोन पहिले आले, आणि आजाराला त्यांचेच नाव चिकटले.

इलाज मात्र हळूहळू आले. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ सांधेदुखीसाठी सल्फासॅलाझिन हे औषध वापरून पाहत होत्या. ज्या रुग्णांना कोलायटिसही होता त्यांचे पोट सुधारते आहे हे त्यांच्या ध्यानात आले. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवरच्या चाचणीतून कॉर्टिझोन उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्याआधी तीव्र कोलायटिसमध्ये मृत्यू ही नेहमीची गोष्ट होती. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब मंजूर झाले आणि दाह पेटवणारा एक नेमका रासायनिक निरोप अडवणे शक्य झाले.

या सगळ्या औषधांमध्ये एक साम्य आहे. ती आग विझवतात. घराला लागलेली आग विझली की घर आपोआप उभे राहते का? आतड्याच्या बाबतीत बऱ्याचदा राहते, कारण शरीर स्वतःच डागडुजी करते. पण कित्येकदा राहत नाही. म्हणून काही संशोधकांनी उलट बाजूने विचार केला. आग विझवण्यासोबत भिंत बांधायला मदत करता येईल का? ती मदत करणारे पदार्थ मात्र आतड्याचा अभ्यास करणाऱ्यांना सापडले नव्हते. ते एका तरुणीच्या निजायच्या खोलीत सुरू झालेल्या कामातून पुढे आले.

तुरिनमधली खोली

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचा जन्म १९०९ साली इटलीतल्या तुरिन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील इंजिनिअर होते. मुलींनी उच्च शिक्षण घेऊ नये असे त्यांचे मत होते. रिटाने त्यांना राजी केले, राहिलेले लॅटिन, ग्रीक आणि गणित आठ महिन्यांत शिकून घेतले, वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळवला आणि १९३६ साली पदवी घेतली.

दोनच वर्षांनी, १९३८ साली, मुसोलिनीच्या सरकारने वंशाचे कायदे आणले. ज्यू प्राध्यापक, शिक्षक, विद्यार्थी यांना विद्यापीठांतून आणि शाळांतून बाहेर काढण्यात आले. रिटाची जागा गेली. तिचे गुरू जुझेप्पे लेव्ही यांचीही गेली. काल जो वर्गात शिकवत होता त्याला आज कायद्याने वर्गाचे दार बंद, हे शिक्षक म्हणून वाचताना मन थांबते.

रिटाने आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून धारदार केल्या आणि त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर बारीक शस्त्रक्रिया करू लागली. पुढे गुरू लेव्हीच तिचे मदतनीस म्हणून त्या खोलीत काम करू लागले. तुरिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा कुटुंब खेड्यात गेले. तिथे ती शेतकऱ्यांकडून फळलेली अंडी मागून आणी. प्रयोग झाल्यावर उरलेली अंडी घरात खाल्ली जात. युद्धाचे दिवस होते, अन्न वाया घालवणे परवडणारे नव्हते.

प्रश्न असा होता: गर्भाचा पाय फुटण्याआधीच तो कोंब कापला तर त्या पायाकडे जाणाऱ्या मज्जापेशी का नाहीशा होतात? अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी हा प्रयोग आधी केला होता. पेशी तयारच होत नाहीत, असे त्यांना वाटत होते. रिटाला दिसले की पेशी तयार होतात, वाढू लागतात आणि नंतर मरतात. जणू पायाकडून येणारा ‘जगा’ हा निरोप त्यांना मिळत नाही.

१९४३ साली जर्मन फौजा इटलीत शिरल्यावर हे कुटुंब खोटी नावे घेऊन फ्लॉरेन्समध्ये लपून राहिले. युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांनी रिटाला एका सत्रासाठी अमेरिकेतल्या सेंट लुइसला बोलावले. १९४७ साली ती गेली, आणि ते एक सत्र सुमारे तीस वर्षे चालले.

उंदरांचे डोळे लवकर उघडले

तो निरोप म्हणजे खरोखरच एखादा पदार्थ आहे हे दाखवण्यासाठी रिटा १९५२ साली दोन उंदीर सोबत घेऊन ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला गेली. त्या उंदरांच्या अंगात एक विशिष्ट गाठ होती. तिथे काचपात्रात त्या गाठीचा तुकडा मज्जापेशींजवळ ठेवला, तेव्हा पेशींतून तंतू निघून सूर्याच्या किरणांसारखे सगळीकडे पसरले.

तो पदार्थ वेगळा काढण्याचे काम १९५३ पासून स्टॅन्ली कोहेन या रसायनतज्ज्ञाने हाती घेतले. कोहेन ब्रुकलिनमधल्या गरीब स्थलांतरित घरातला. लहानपणी पोलिओ झाल्याने त्याचा पाय अधू होता. गाठीच्या अर्कात नको असलेली न्यूक्लिइक आम्ले मोडण्यासाठी त्याने सापाचे विष वापरले. झाले उलटेच. सापाच्या विषात तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी पटीने जास्त होता. मग कोहेनने सरळ विचार केला. सापाची विषग्रंथी म्हणजे एका अर्थाने लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथीत काय आहे? तिथेही तो भरपूर निघाला. हा पहिला ग्रोथ फॅक्टर, मज्जातंतूंचा.

पण त्या अर्कात आणखी काहीतरी होते. नवजात पिल्लांना लाळग्रंथीचा अर्क टोचला तर त्यांचे डोळे फार लवकर उघडत. एरवी पिल्लांचे डोळे साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, ते सातव्या दिवसाच्या आसपासच उघडू लागले. दातही लवकर आले. मज्जातंतूंचा पदार्थ हे करणार नाही, हे कोहेनला कळले. हा दुसराच पदार्थ होता. तो त्वचेसारख्या अस्तरांच्या पेशींना वाढायला सांगत होता, म्हणून पापण्या लवकर विलग होत होत्या. १९६२ साली त्याने हे शोधकार्य प्रसिद्ध केले. त्या पदार्थाचे नाव पडले एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. ५३ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. १९८६ साली रिटा आणि कोहेन यांना मिळून नोबेल पुरस्कार मिळाला.

लघवीतून जुळलेला धागा

आता पुन्हा पोटाकडे येऊ. १९३० च्या दशकात काही डॉक्टरांच्या ध्यानात आले होते की लघवीतून काढलेल्या अर्कात जठरातले आम्ल कमी करण्याचा गुण आहे. या अज्ञात पदार्थाला यूरोगॅस्ट्रॉन असे नाव दिले गेले. अल्सरवर औषध मिळेल या आशेने त्यावर अनेक वर्षे काम झाले. १९७५ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतले हॅरी ग्रेगरी यांनी माणसाच्या यूरोगॅस्ट्रॉनची रचना शोधून काढली. ५३ अमिनो आम्ले. त्यांतली ३७ कोहेनच्या उंदरातल्या ईजीएफशी जशीच्या तशी जुळली. म्हणजे पोटाचे डॉक्टर ज्याच्या मागे होते आणि उंदराची पिल्ले पाहणारा कोहेन ज्याच्या मागे होता, तो पदार्थ एकच निघाला.

मग आणखी गोष्टी उलगडल्या. ईजीएफ आपल्या लाळेत असते. घास गिळताना, झोपेत, दिवसरात्र ते आतड्याकडे वाहत राहते. जनावर आपली जखम चाटते आणि आपण कापलेले बोट नकळत तोंडात घालतो, त्यामागे काहीतरी तथ्य असावे असे संशोधकांना वाटू लागले. लाळग्रंथी काढलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात असे प्रयोगांत दिसले होते. (याचा अर्थ जखमेवर थुंकी लावावी असा अजिबात नाही. तोंडात जंतूही तेवढेच असतात.)

एक कोडे मात्र राहिले. ईजीएफ रोज आतड्यातून वाहते, तर निरोगी आतडे वाढतच का जात नाही? उत्तर असे सुचवले गेले. ईजीएफ ही किल्ली धरली तर तिचे कुलूप पेशीच्या आतड्याच्या पोकळीकडे असलेल्या बाजूला फारसे नसते. ते मागच्या आणि कडेच्या बाजूंना असते. अस्तर धड असेल तर किल्ली वाहून जाते आणि कुलपाला लागत नाही. अस्तर फाटले, व्रण पडला की किल्ली आत शिरते आणि कुलूप उघडते. म्हणजे लाळेतले ईजीएफ हे गल्लीत फेरी मारणाऱ्या पहारेकऱ्यासारखे. भिंत पडली तरच ते कामाला लागते.

आतड्याचे अस्तर एरवीही चार-पाच दिवसांत नवे होते. शरीरात इतक्या वेगाने बदलणारी जागा क्वचितच असेल. जखम झाली की आधी काठावरच्या पेशी चपट्या होऊन सरकत उघड्या जागेवर पसरतात, हे काम काही तासांत सुरू होते. त्यानंतर नव्या पेशी तयार होतात. या दोन्ही कामांमागे ग्रोथ फॅक्टरांचा निरोप असतो.

१९९० साली लंडनच्या निकोलस राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. क्रोन्ससारख्या आजारात आतड्याचा व्रण दीर्घकाळ राहिला तर त्याच्या काठावर शरीर नव्या पेशींची एक छोटी ग्रंथीच उभारते. आधी ती तिथे नसते. आणि ती ग्रंथी ईजीएफ पाझरू लागते. बाहेरून मलम मिळाले नाही तरी शरीर स्वतःचे मलम तिथेच बनवू लागते.

मग औषध का झाले नाही?

इतके कळल्यावर पुढचा विचार कुणालाही सुचेल. बाहेरून ईजीएफ दिले तर? २००३ साली इंग्लंडमध्ये अशी चाचणी झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेले २४ रुग्ण. त्यांना नेहमीच्या गोळ्यांसोबत १४ दिवस रोज एनिमा देण्यात आला. १२ जणांच्या एनिमात ईजीएफ होते, १२ जणांच्या एनिमात नव्हते. दोन आठवड्यांनी ईजीएफ घेतलेल्या १२ पैकी १० जणांचा आजार शमला. दुसऱ्या गटात फक्त एकाचा.

हे आकडे वाचून आनंद होतो. पण चाचणीत केवळ २४ माणसे होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत अस्तराच्याच पेशींना वाढवणारा रिपिफर्मिन हा वेगळा ग्रोथ फॅक्टर ८८ रुग्णांना शिरेतून देऊन पाहिला. त्याचा उपयोग दिसला नाही. टीजीएफ-बीटा नावाच्या आणखी एका ग्रोथ फॅक्टरचा निरोप आतड्यात पुन्हा चालू व्हावा म्हणून मोंगर्सेन नावाचे औषध बनवले गेले. २०१५ साली त्याचे निकाल वाचून जगभर आशा निर्माण झाली. २०१७ साली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा होत नव्हता.

दुसरी अडचण याहून खोल आहे. वाढीचा निरोप चांगला की वाईट हे तो कुठे, कधी आणि किती वेळ दिला जातो यावर ठरते. टीजीएफ-बीटा दाह शांत करायला मदत करते, आणि तेच जास्त झाले तर जखमेच्या जागी कठीण वण बनवते. क्रोन्सच्या कित्येक रुग्णांचे आतडे अशा वणांनीच आकसते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. ईजीएफचेही तसेच. १९८४ साली समजले की पक्ष्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतील जनुक ईजीएफच्या कुलपाशी जुळते. हेच कुलूप सतत उघडे राहिले तर पेशी थांबायचे विसरतात. म्हणून आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत डॉक्टर ते कुलूप बंद करणारी औषधे देतात. आणि ती औषधे घेणाऱ्या अनेकांना जुलाब लागतात, कारण आतड्याला रोजच्या डागडुजीचा निरोप मिळेनासा होतो.

ज्याला वर्षानुवर्षे कोलायटिस आहे त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका आधीच जास्त असतो. त्याला वाढीचे औषध दीर्घकाळ द्यायचे म्हणजे दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. हे काम घाईने होणारे नाही.

तरीही ही सगळी मेहनत वाया गेली असे नाही. १९९६ साली कॅनडात डॅनियल ड्रकर यांच्या गटाने आतड्याचे अस्तर वाढवणारा जीएलपी-२ हा संप्रेरक ओळखला. त्यावर आधारित टेडुग्लुटाइड हे औषध २०१२ साली मंजूर झाले. शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांसाठी ते आहे, आणि अशा रुग्णांत क्रोन्सचे लोकही असतात. ते देण्याआधी कोलोनोस्कोपी करून गाठी नाहीत ना हे पाहतात. ईजीएफ स्वतः त्वचेच्या जखमांवर कामी आले. क्यूबात मधुमेहींच्या पायाच्या व्रणासाठी त्याचे इंजेक्शन आहे, आणि आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेकने त्याच कामासाठी जेल बनवले. पायावरचा व्रण डोळ्यांना दिसतो, तिथे औषध नेमके लावता येते. आतड्यात तसे करणे अवघड.

आणि २००९ साली नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी आतड्याच्या एका मूलपेशीपासून काचपात्रात आतड्याच्या अस्तराचा जिवंत ठिपका वाढवून दाखवला. त्या पेशीला जे खाद्य दिले त्यात ईजीएफ होते. २०२२ साली टोकियोमधल्या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी पेशी अशा वाढवून त्याच्या आतड्यातल्या व्रणावर बसवल्या. अजून हे काम अगदी सुरुवातीचे आहे.

वर्गातून वारंवार बाहेर जाणारा मुलगा

हे सगळे मी का वाचत बसलो ते आता सांगतो. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा आहे. तासाला दोनदा, कधी तीनदा तो बाहेर जाण्याची परवानगी मागतो. मुले हसायची. त्याच्या वडिलांनी सांगितले तेव्हा कळले की त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. त्याआधी कित्येक महिने घरच्यांनी ‘बाहेरचे खातो म्हणून’ त्यालाच रागावले होते. मी वर्गाला त्याचे नाव न घेता आतड्याच्या जखमेविषयी पंधरा मिनिटे सांगितले, आणि त्याला म्हटले, बेटा, तुला विचारायची गरज नाही, उठून जात जा. हसणे थांबले.

मग एक दिवस त्याचे वडील मोबाइल घेऊन आले. ग्रोथ फॅक्टरच्या इंजेक्शनांनी आतडे पुन्हा नवे होते, सगळ्या गोळ्या बंद करा, असा एका दवाखान्याचा संदेश होता. रक्कम त्यांच्या चार महिन्यांच्या कमाईएवढी होती. “सर, इससे ज़ख़्म भर जाएगा क्या?” त्यांनी विचारले. मी डॉक्टर नाही. पण संदेशात जो शब्द वापरला होता तो खरा आहे आणि दावा मात्र खरा नाही, एवढे मला सांगता आले. “भाई, गोळ्या बंद करू नका. हा कागद त्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पैसे त्यानंतरच काढा,” असे मी म्हटले. डॉक्टरांनीही तेच सांगितले.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दिसायला इतके सारखे असतात की तपासणीतही फरक करणे कठीण जाते. त्यामुळे अनेकांना आधी क्षयाची औषधे देऊन पाहावे लागते. यात वेळ जातो, धीर सुटतो, आणि धीर सुटलेल्या माणसाच्याच मोबाइलवर असे संदेश काम करतात.

खऱ्या विज्ञानाचे शब्द उसने घेऊन खोटे विकणारे फार झाले आहेत. त्यांना ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्या शब्दाचा इतिहास विचारणे. ज्या पदार्थाला उंदराच्या पापणीपासून २४ माणसांच्या चाचणीपर्यंत यायला चाळीस वर्षे लागली, त्याचा ‘शंभर टक्के’ इलाज कुणी एका संदेशात देत असेल तर तो काय विकतो आहे हे उघड आहे.

दुसरीकडे, निराश होण्याचेही कारण नाही. आज आयबीडीचे डॉक्टर केवळ त्रास कमी झाला का एवढेच विचारत नाहीत. दुर्बिणीतून पाहून अस्तर भरून आले का, हे उपचाराचे उद्दिष्ट मानतात, कारण अस्तर भरले तर पुढची शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते. म्हणून बरे वाटू लागले की गोळ्या सोडणारे स्वतःचे नुकसान करतात. घरात कुणाला हा आजार असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा: जखम आतून भरली आहे का, आणि ते पाहण्यासाठी तपासणी कधी करायची? आणि घरातल्या त्या माणसाला जेवणावरून बोल लावणे आजपासून बंद करा.